आईच्या दुखण्यापेक्षा वेगळं

सावा नदीकाठच्या आमच्या गावात कुणाचा चेहरा पिवळट पडला, की लोक काय झालंय ते विचारतही नसत. मूत्रपिंडाचं दुखणं इथे घराघरांत होतं. यागाची आई त्यानंच गेली, मावशीही. त्यामुळे बावन्नाव्या वर्षी मूत्रपिंडं मंदावली की रक्तात साचतं ते क्रिएटिनिन यागाच्या तपासणीत चढायला लागलं, तेव्हा आता हिची पाळी, असं सगळ्यांनी मनाशी धरलं.

यागा आमच्या पोस्टातली टपालवाली. मी तिथेच खिडकीवर बसायचे. वीस वर्षं तिनं सायकलवरून टपाल वाटलं. त्या वर्षी मात्र ऐन जूनच्या उन्हाळ्यात ती लोकरी स्वेटर घालून यायची. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, सपाट रस्त्यावरही ती सायकल हातात धरून चालायची. एकदा तीन पत्रं भलत्याच घरी टाकून आली आणि माझ्यासमोर रडली.

जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी डायलिसिसची तयारी करायला सांगितलं. त्यासाठी हाताच्या शिरेवर करायच्या छोट्या शस्त्रक्रियेची तारीखही दिली.

"ताई, सायकल सोड आता," धाकटा भाऊ मातो म्हणाला. "आईचंही असंच झालं होतं."

"आईचं असं झालं नव्हतं. दोन वर्षं मी तिला उचलून न्हाऊ घातलंय. ती वाळत गेली, मी फुगत चाललेय. आणि तिला कधी भर उन्हाळ्यात थंडी वाजली नाही."

दुसऱ्याच दिवशी ती बस पकडून इस्पितळात गेली आणि हेच डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. त्यांनी तिचा गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जवळपास बंदच पडली होती. मूत्रपिंडाच्या रोग्यांत हे बरेचदा होतं, त्या म्हणाल्या. आणि थायरॉइड मंदावली की मूत्रपिंडाचं काम आणखी ढिलं पडतं. तुमचं क्रिएटिनिन त्यामुळे किती चढलंय ते आज सांगता येणार नाही. चार महिने गोळी घ्या, मग शिरेचं बघू.

दोन महिने झाले तरी काही फरक नाही. मातोनं टोमणा मारलाच, "डॉक्टर झालीस ना? बघ आता."

यागानं सगळ्या गोळ्या आणून माझ्या खिडकीत मांडल्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या मला मोठ्यानं वाचायला लावल्या. कुठली गोळी कधी घेतेस ते मी विचारलं, तेव्हा कळलं, की थायरॉइडची गोळी आणि मूत्रपिंडासाठी दिलेली कॅल्शियमची गोळी ती सकाळच्या कॉफीबरोबर एकाच घोटात घेत होती. तिथूनच आम्ही डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही, कॉफीही आड येते, दोन्ही गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, त्या म्हणाल्या. हे त्यांनी आधीही सांगितलं होतं.

"सांगितलं असेल," यागा म्हणाली. "तेव्हा माझ्या डोक्यात काही राहत होतं का?"

मग ती पहाटे उठून नुसत्या पाण्याबरोबर पहिली गोळी घ्यायची, आणि कॅल्शियम थेट दुपारच्या जेवणात. शिळ्या पावाचा तुकडासुद्धा मध्ये येऊ दिला नाही. ऑक्टोबरपर्यंत सूज उतरली. क्रिएटिनिन साडेचारवरून तीनच्या खाली आलं. त्याहून खाली मात्र ते आलं नाही. आईचं दुखणंही तिच्या अंगात होतंच, आणि ते डॉक्टरीणबाईंनी तिच्यापासून लपवलं नाही. शस्त्रक्रियेची तारीख तेवढी रद्द झाली.

त्यानंतर यागानं नऊ वर्षं टपाल वाटलं आणि पूर्ण नोकरी करूनच ती निवृत्त झाली. गेल्या वर्षी तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा तिला न्यायला इस्पितळाची गाडी येते, आणि चालकानं हाक मारायच्या आधीच यागा फाटकात उभी असते.