सरांचं डस्टर

इंग्रजी आली की माणसाला सगळी दारं उघडतात, असं म्हणतात. शनिवार पेठेतल्या आमच्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासचं दार मात्र खांदा लावल्याशिवाय उघडत नसे.

आज वॉचमनने सोसायटीच्या फळ्यावरची पाणीकपातीची सूचना ओल्या फडक्याने पुसली. खडूचा वास आला आणि तो वर्ग आठवला. सरांच्या लेखी डस्टर म्हणजे क्रियापद. ‘पुट’ म्हणून ते उचलायचे. ‘ऑन’ म्हटलं की टोपीसारखं डोक्यावर घालायचे, ‘आउट’ला त्याने हवेतली मेणबत्ती विझवायचे, ‘ऑफ’ला ते कपाटात ढकलून “उद्या बघू” म्हणायचे. क्रियापद तेच, मागच्या एवढ्याशा शब्दाने अर्थ पार बदलायचा.

एकदा माझ्या शेजारी बसणाऱ्या सलमाची दुसऱ्या दिवशी खराडीला नोकरीसाठी मुलाखत होती. नोकरी मिळाली नाही, तर वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करत बसायचं, असं घरी ठरलं होतं. तिने विचारलं, “सर, ‘पुट अप विथ’ कसं दाखवायचं?”

सर डस्टर धरून नुसते उभे राहिले. “ते दाखवायचं नसतं, बाई. सोसायचं असतं. अठरा वर्षं तुमच्यासारख्यांना सोसतोय, दिसतंय का काही?”

वर्ग हसला. सलमाने ते वहीत उतरवून घेतलं. आता मला त्याचं हसू येत नाही, वाईटही वाटत नाही. सरांचं तेव्हाचं वय आज माझं आहे, एवढंच.

सलमाची मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. नोकरी तिला मिळाली. सगळे प्रश्न हिंदीत होते.