श्वास सोडत ओढलेली रेघ

सान्याल साहेबांनी माझ्या शीटवर सतरावं लाल वर्तुळ काढलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"गावंडे, हा डोंगर आहे की तापाचा चार्ट?"

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. कलकत्त्यातल्या एका नकाशांच्या ऑफिसात मी ट्रेनी ड्राफ्ट्समन होतो. सारख्या उंचीवरच्या जागा जोडणारी रेघ म्हणजे कंटूर. ती शाईने, एकाच जाडीची, जोड दिसू न देता ओढायची. माझी थरथरायची. एक लाल वर्तुळ म्हणजे एक चूक. महिनाअखेरच्या ट्रेड टेस्टमध्ये पाचांपेक्षा जास्त चुका झाल्या तर नोकरी संपली. आमच्या घरात पदवी आणि सरकारी नोकरी दोन्ही माझ्याबरोबरच पहिल्यांदा आल्या होत्या.

शेजारच्या टेबलावर निरापद नावाचे जुने ड्राफ्ट्समन बसत; बंगाली रीतीने सगळे त्यांना निरापददा म्हणत. रिटायरमेंटला आलेले, पण पाठ ताठ. टिफिनच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते रद्द झालेले नकाशे फरशीवर अंथरून त्यांवर आसनं करत.

"रेघ ओढताना श्वास कुठे असतो तुझा?" त्यांनी विचारलं.

"रोखून धरतो, दादा. हात हलू नये म्हणून."

"म्हणूनच हलतो. आणि मान बघ, बगळ्यासारखी. बगळ्याला मासा तरी मिळतो! ये, पड खाली."

मग रोजचंच झालं. आधी भुजंगासन. पालथं पडून छाती उचलायची. दिवसभर टेबलावर वाकलेली पाठ कुरकुरत उलगडायची, मानेतली कळ ओसरायची. शेवटी शवासन. डोळे मिटले की पंख्याची घरघर दूर जाई. ट्रामची घंटा पाण्याखालून आल्यासारखी वाटे. पाठीखालच्या कागदावरचे डोंगर हळूहळू वर येत, आणि मी त्यांच्या उतारावर ढगासारखा पडून असे. श्वास आत आला की रेघा पसरत, बाहेर गेला की जवळ येत. 'नापास झालो तर' हा विचार एखाद्या दरीत उतरून दिसेनासा होई.

एकदा मी चक्क घोरलो. डोळे उघडले तर सान्याल साहेब वाकून पाहत होते.

"हा कुठला सर्व्हे?"

"शवासन, सर."

"जिवंत आहे, साहेब," निरापददा डबा उघडत म्हणाले. "मी तपासलंय."

साहेब हसले नाहीत. "टेस्ट सोमवारी आहे."

सोमवारी मी श्वास भरून घेतला, निब टेकवली आणि श्वास सोडत रेघ ओढली. श्वास संपला की निब उचलायची, पुन्हा भरून घेऊन तिथूनच पुढे. दुपारपर्यंत डोंगर उभा राहिला. मान दुखली नाही. आजूबाजूला कोण आहे, हेही मी विसरलो होतो.

साहेबांनी भिंगातून शीट तपासलं. चार वर्तुळं झाली. मग त्यांनी भिंग शिखरावर नेलं.

"रेघा सुरेख आहेत. पण उंचीचे आकडे उलटे घातलेस. शिखराला सर्वात कमी. डोंगराचा खड्डा केलास, गावंडे."

त्यांनी पाचवं वर्तुळ काढलं आणि खाली 'पास' लिहिलं.

आसनं मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत कधी सोडली नाहीत. पाठ आणि हात त्यांनीच सांभाळले, मनही. नवीन ट्रेनींना मात्र एवढं बजावून सांगत असे की आसनांनी हात स्थिर होतो, आकडे तपासावेच लागतात.