मांगरातलं औषध

ते झाड मी आंबोलीहून आणलं. रस्त्याकडेच्या एका टपरीमागे उभं होतं. वीतभर लांब पिवळी फुलं कर्ण्यांसारखी खाली तोंड करून लोंबत होती. टपरीवाल्या बाईने कोयत्याने एक फांदी तोडून दिली आणि म्हणाली, कुठंही खोच, जगेल. रोपवाटिकेत त्याला ब्रुगमॅन्सिया म्हणतात. धुक्यात वाढलेलं झाड आमच्या खाऱ्या वाऱ्याच्या अंगणात कसं तगेल, हा विचार मी केला नाही. मी तेव्हा विचार कमी करायचे, घोषणा जास्त.

शेजारच्या काकीने ते पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून हसली. "ही तर धोतऱ्याची भयण गो. पान, फूल, सगळा विषारी. आणि तू विषमुक्त अंगणाची पत्रका वाटतंस."

मी तिला झाडातलं विष आणि बाटलीतलं विष यांतला फरक समजावला. तिने ऐकून घेतलं. ती नेहमी ऐकून घ्यायची.

पत्रकं मी लिहायचे, छापून आणायचे, ओरोसला सरकारी कचेरीच्या फाटकापासून गावातल्या बाजारापर्यंत वाटायचे. फवारणी करणाऱ्या प्रत्येक बागायतदाराला मी गुन्हेगार म्हणायचे, तेही तोंडावर. शेजारचे काका, म्हणजे या काकीचा नवरा, हापूसवाले. मोहोरावर तुडतुडे पडले की तेही फवारायचे. पण फळ आवळ्याएवढं झालं की पंप धुऊन मांगरात, बागेतल्या खोपटात, ठेवायचे, मग काहीही होवो. वाडीतल्या बायका मुंबईच्या नातेवाइकांना त्यांच्याच पेट्या पाठवायच्या, कारण लहान मुलांना द्यायला तो आंबा चालतो, हा काकांचा शब्द होता. मी काकांना म्हटलं होतं, विष आधी मारा की नंतर, विषच ते. ते म्हणाले, "बरा."

दुसऱ्या वर्षी झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं, फुललं. मी त्याचा फोटो पत्रकावर छापला. खाली ओळ होती: या अंगणात विषाचा एक थेंब पडलेला नाही. मार्चमध्ये आसपासच्या बचत गटांच्या बायकांचा मेळावा ह्याच अंगणात घ्यायचा ठरला.

फेब्रुवारीच्या शेवटी पानं फिकट दिसायला लागली. जवळून पाहिलं तर प्रत्येक पानावर बारीक पिवळे ठिपके, कोणी सुईने टोचल्यासारखे. पान उलटलं तर मागे धुळीसारखं काहीतरी हलत होतं. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "कोळी ते. गरम पडला काय येतत. पानाच्या पाठीक पाणी मार, जोरान. दोन दिवसाआड मार. फुडच्या बाजूक मारून काय उपयोग नाय."

इतकं सोपं होतं. मी ते एकदा केलं. मग पत्रकं घेऊन फोंडाघाटाला गेले, तिथून आणखी कुठे, आणि आठ दिवसांनी परत आले तेव्हा शेंड्यांवर जाळी धरली होती. लोकांनी काय करावं हे सांगत फिरताना मला माझ्या झाडाची पानं धुवायला वेळ नव्हता. कडुनिंबाचं तेल एकदा फवारलं, लसूण-मिरचीचं पाणी एकदा. दोन्हींना चार दिवससुद्धा दिले नाहीत. मेळावा बारा दिवसांवर आला होता.

एका दुपारी काका-काकी लग्नाला गेले होते. मी त्यांच्या मांगरात शिरले. फळीवर तुडतुड्यांच्या औषधाची अर्धी बाटली होती. त्यातलं थोडं एका बाटलीच्या झाकणात घेतलं, घरी पाण्यात मिसळलं आणि कुंड्यांवर धुकं मारायच्या छोट्या पंपाने सगळं झाड भिजवलं. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. माझ्याच पत्रकात चौथ्या क्रमांकावर लिहिलंय, मोज्याशिवाय हात लावू नका.

तीन दिवस बरं वाटलं. मग जे झालं ते मला नंतर कळलं. त्या औषधाने कोळी फारसे मेले नाहीत, कोळ्यांना खाणारे मेले. पानांच्या मागे राईच्या दाण्याहून बारीक काळे किडे फिरायचे, ते मातीत उलटे पडलेले मी पाहिले होते आणि घाण म्हणून झाडून टाकले होते. दहाव्या दिवशी झाडावर पानं कमी आणि जाळी जास्त होती. बाजूच्या वांग्यांवरही गेली.

मेळाव्याला चाळीसेक बायका आल्या. काकी पुढेच बसली होती. तिने सगळ्यांसाठी कोकम सरबत करून आणलं होतं. मी बोलत असताना मागून एकीने विचारलं, "ह्या फोटोतला झाड ता हाच मा? असा कसा झाला गो?"

मी म्हटलं, "शेजारी फवारणी चालू आहे. वारा इकडचा."

मला ठरवून बोलायला वेळच मिळाला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कारण मी दोन वर्षं तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलत होते. "आता? फळ धरलेला असताना?" कोणीतरी म्हटलं. मी होकाराची मान हलवली. काकीने हातातला ग्लास खाली ठेवला, पदर खोचला आणि उठून गेली. सरबताचं पातेलं तिथेच राहिलं.

त्या आठवड्यात तीन घरांनी काकांना पेट्या नको म्हणून सांगितलं. मला ते आईकडून कळलं. काका भांडायला आले नाहीत. कुंपणाजवळ दिसले की नजर वळवायचे, आणि नजर चोरायची गरज खरं तर मला होती. पाचव्या दिवशी मी गेले. ते मांगराच्या पायरीवर पेट्यांना खिळे मारत बसले होते. मी एका दमात सांगितलं. बाटली, झाकण, मेळावा, सगळं.

त्यांनी हातोडी बाजूला ठेवली. "तोंडाक फडको बांधलेलंस?"

"नाही."

"मग उलटी-बिलटी झाली काय? चक्कर?"

"नाही."

"आणि तुडतुड्याचा औषध कोळ्याक कित्याक घातलंस? ईचारूचा तरी." मी माफी मागितली. ते म्हणाले, "मी फवारलंय नाय, ता माका म्हायत आसा. माका सांगान काय होतला? जेंका म्हायत नाय तेंका सांग."

मी घरी येऊन पत्रक लिहायला घेतलं. मला तेवढंच येतं. 'काही गैरसमज पसरल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे.' ही ओळ मी लिहिली. परत वाचली तेव्हा पहिल्यांदा खरी लाज वाटली, कारण त्या ओळीत कोणीच नव्हतं. मी तर नव्हतेच. कागद फाडला.

आमच्या वाडीच्या गटाची बैठक अंगणवाडीच्या पडवीत असते. काकी भिंतीला टेकून बसली होती, माझ्याकडे पाहिलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "झाडावर कोळी पडले होते, मेळावा जवळ आला होता, आणि मला एकटीला सगळं..."

"कोळ्यांचा नंतर सांग," काकी म्हणाली. "आधी काय ता सांग."

मग मी सांगितलं. फवारणी काकांनी केली नाही, मी केली, त्यांचंच औषध न विचारता नेऊन, आणि नाव त्यांचं घेतलं. कोणी रागावलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "मगे आमका शिकवूक कित्याक येय होतंस गो?" दोघी-तिघी हसल्या. जिने बहिणीसाठी पेटी नाकारली होती तिने जागेवरूनच फोन लावला. बहीण म्हणाली, दुसरीकडे सांगून झालं, पुढच्या वर्षी बघू.

"बघू म्हणजे नाय," काकी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ही एक. अजून दोघी आसत. त्यो गटात नाय. घरा म्हायत आसत मा?"

माहीत होती. दोन्ही खालच्या वाडीत. दोन्ही घरी मी पत्रकं टाकलेली होती. मी तशीच निघाले. उन्हं अजून चढलेलीच होती. पहिल्या घरच्या बाईने मला बेड्यातून, कुंपणाच्या फाटकातून, येताना पाहिलं आणि खळ्यात, घरापुढच्या अंगणात, कोकमं वाळत घालता घालता एक हात पुढे केला.

"काय गो, नवीन पत्रक?"

"नाही," मी म्हटलं, आणि कोळ्यांपासून सुरुवात केली नाही.