मेंढीच्या पाठीवरचा हात

गिरजाआत्याला एकटी चालताना मी क्वचितच पाहिले. ती चालायची ती कळपाच्या मधोमध. डावा हात एका मेंढीच्या पाठीवर, उजवा दुसरीच्या. बांध्याने बुटकी असल्यामुळे तिचे तळवे बरोबर लोकरीवर टेकत, आणि त्या चालीत इतका ठामपणा असे की अनोळखी माणसाला काही वेगळे जाणवतच नसे. कळपातून बाहेर आली की मात्र तिचे पाय फाकत, हात हवेत आधार शोधत आणि ती रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झुलत जाई. गावातली पोरे तिच्यामागे तशीच झुलत चालायची. “सकाळीच लावून आली वाटतं,” असे बाया एकमेकींना म्हणायच्या. आत्याने आयुष्यात दारूला तोंड लावले नव्हते. तरी ती कुणाशी भांडली नाही. “म्या नीटच चालती बाई,” ती म्हणायची, “ही जमीनच लई हालती.”

ती आमच्या नात्यातली नव्हती. शेंद्र्याजवळ आमची शेती होती. ज्वारी निघाली की वडील तिचा कळप रानात बसवायला बोलावत. रात्रभर मेंढ्या बसल्या की जमिनीला खत मिळे. वडील तिला बहीण मानत, म्हणून ती माझी आत्या. नवरा लवकर गेल्यावर तिने आणि तिच्या मुलाने, म्हादूने, कळप सांभाळला. मी जीवशास्त्र शिकायला शहरात गेले, पुढे मेंदूच्या पेशींवर संशोधन करू लागले. सुटीत घरी गेले की ती विचारी, “काय गं, सापडलं का डोस्क्यात काय?” मी म्हणे, “अजून नाही.” त्यावर ती म्हणे, “माज्यात बघ की. लई जागा रिकामी हाय.”

एकदा मी ते मनावर घेतले आणि म्हादूला सोबत घेऊन तिला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तरुण डॉक्टरांनी फरशीवरची एक सरळ रेघ दाखवली.

“मावशी, या रेघेवरून चालून दाखवा.”

आत्याने रेघ निरखली. “हिच्यावरनं जायाचं कुटं?”

“कुठेच नाही. फक्त चालायचं.”

“कुटं जायाचंच नाय तर चालू कशाला, साहेब?”

तरी ती चालली, आणि दोन-चार पावलांतच म्हादूच्या अंगावर कोसळली. सावरल्यावर म्हणाली, “दोन मेंढ्या आनू द्या इथं, मग बघा.” डॉक्टर हसले. मला हसू आले नाही, कारण ती विनोद करत नव्हती. स्वतःच्या आजाराचे निरीक्षण सांगत होती.

तपासणीत तिचा लहान मेंदू आकसलेला दिसला. कारण सापडले नाही आणि उपचारही नव्हता. परतताना शहरातल्या औरंगपुऱ्याच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा तिने विचारले, “काय म्हनला डाक्टर?”

“डोक्याच्या मागच्या बाजूला चालीचा ठेका धरणाऱ्या पेशी असतात, आत्या. तुझ्या त्या पेशी मरतायत.”

“समद्या मेल्या?”

“नाही. काही जिवंत आहेत, पण त्यांचा ठेका चुकतोय.”

तिने थोडा विचार केला. “मंग त्येंला हाकायला कुनी नाय व्हय?”

मी ज्या विषयात काम करते त्याचा गाभा हाच आहे. अशा आजारांत पेशी मरण्याच्या पुष्कळ आधी तिची लय बिघडते, असे अलीकडचे संशोधन सुचवते. म्हणजे बिघाड आणि मरण यांच्यामध्ये एक अवधी असतो, आणि त्या अवधीत काही करता येईल, या आशेवर आमच्या प्रयोगशाळा चालतात. बोटांच्या नुसत्या हलक्या स्पर्शानेही तोल सावरायला मदत होते, हेही ठाऊक आहे. चालत्या मेंढीची पाठ तिला स्पर्श आणि ठेका दोन्ही देत असावी. याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण तिच्या पायांकडे होता.

मग दुष्काळाची वर्षे लागली. चराऊ रानांपैकी निम्म्याला औद्योगिक वसाहतीचे तारेचे कुंपण पडले, उरलेल्यात गवत उगवले नाही. गुरांसाठी छावणी उघडली. तिथे मेंढ्यांना जागा नव्हती. म्हादूला एका कारखान्यात कंत्राटी काम मिळाले आणि त्याने कळप विकायचा ठरवला.

मी त्याला म्हटले, “म्हादू, मेंढ्या गेल्या तर आत्या बसेल.”

“आन् ठिवल्या तर मेंढ्या बसत्याल, ताई. पानी कुटून आनू?”

कळप ट्रकमध्ये चढला. म्हादूने आईसाठी म्हणून एक मेंढी राखली. पण एकटी मेंढी चालत नाही. ती खुंट्याभोवती गरगर फिरे, ट्रक गेलेल्या दिशेला तोंड करून ओरडे, आणि तिच्या पाठीवर हात ठेवलेली आत्या त्या फेऱ्यात भेलकांडे. मी शहरातून चार पायांचा चालण्याचा आधार आणला. आत्याने त्याची दांडी चाचपली. “ह्याला म्या ढकलायचं, का ह्यानं मला न्यायचं?” दुसऱ्या दिवशी त्याच्यावर लुगडे वाळत होते.

उन्हाळ्यात पिशोरकडचा एक कळप पाण्याच्या शोधात आमच्या रस्त्याने आला. आत्याने म्हादूला सांगितले, मेंढी त्यांना देऊन टाक, तिचे हाल बघवत नाहीत. मात्र तिला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आपण स्वतः चालत जाणार, असा आत्याचा हट्ट होता. म्हादूची बायको सुनीता आणि मी पुढे झालो. मला एकदम सुचले. “सुनीता, वाक,” मी म्हटले. आम्ही दोघी कमरेत वाकलो, आत्याने आमच्या पाठींवर हात ठेवले, आणि ती चालली. सरळ चालली. तिचा भार माझ्यावर नव्हताच. फक्त तळव्याची ऊब जाणवत होती. मी हर्षभरित झाले.

“आत्या, जमतंय! आपण रोज असंच चालू!”

ती थांबली. “सरळ व्हा गं.”

“अगं, पण तू—”

“सरळ व्हा म्हनते ना! मानसं हाईत तुमी. आन् तू येवडी शिकलीस ती अशी वाकायला व्हय?”

आम्ही सरळ झालो. तिने आमच्या पाठींवरचे हात काढले आणि सावकाश, जमिनीला हात लावत, रस्त्याच्या अलीकडेच खाली बसली. तिथूनच तिने मेंढीला हाक मारली, “जा बाई. तू तरी चाल.” मेंढी कळपात मिसळली आणि पाहता पाहता ओळखू येईनाशी झाली.

त्यानंतर आत्या चालली नाही. मी येत राहिले, सुचवत राहिले. ती नुसती मान हलवी. हिवाळ्यात तिला गिळता येईनासे झाले. पाण्याचा घोट श्वासात जाई, त्यातून छातीत कफ झाला आणि ती गेली.

तिचे दिवसकार्य झाल्यावर म्हादू कारखान्याच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा होता, तिथे मी त्याला भेटले. आधी त्याने गाडीच्या दिशेने रस्ता न्याहाळला. मग त्याने विचारले, “ताई, निघालं का गं तुजं औशीद?”

“नाही रे.”

“म्या आईला सांगून ठिवलं हुतं, ताई शोधतीया, औंदा नाय तर फुडल्या साली निघंल म्हनून.”

“मग काय म्हणाली ती?”

गाडी आली होती. पायरीवर एक पाय ठेवून तो म्हणाला, “म्हनली, घाई नगं करू म्हनावं तिला. नीट शोध म्हनावं.”