पी.टी. बाईचं वाण

पी.टी. बाई सिनेमा बघताना सगळ्यांच्या आधी हसायची, तेही भलत्याच ठिकाणी. नायिका रडायला लागली की हिला हसू. छावणीतल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत ती आणि एक नर्स, जिला आम्ही सिस्टर म्हणायचो, पाच वर्षं राहिल्या. बाई शाळेत कवायत शिकवायची. केस कापलेले, गळ्यात शिट्टी, आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा रांगेत बसावीत.

रविवारी दुपारी दोघी खाली टीव्ही बघायला यायच्या. पुढे काय होणार ते बाई आधीच सांगायची. "आता बघा मावशी, गैरसमज व्हणार." व्हायचाच. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण डोकं कोणाचं चालतं ते मला कळतं.

एका रविवारी दोन पोरांच्या एकमेकांवरच्या प्रेमाचा विनोदी सिनेमा लागला. त्यातला एक लचकत चालायचा, प्रत्येक वाक्याला मनगट मोडायचा. आमचे हे हसून हसून लोळले. मग उठून तसंच चालून दाखवलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

बाई हसली नाही. सिस्टरनं तिचा हात दाबला, तरी ती बोललीच. "काका, ह्या सिनेमावाल्यांनी आमच्यासारखं एक बी माणूस जवळून बघितलं नाय. आमच्या दोघींच्या सिनेमात काय व्हतं सांगू? ही ड्युटीवरून येती. मी भाकरी टाकते. ही म्हणती, पिठलं खारट झालं. संपला सिनेमा. तिकीट कोण काढंल?"

आमचे हे जागच्या जागी थांबले. तोवर आम्ही दोघींना नुसत्या मैत्रिणी समजत होतो. एवढं धाडसाचं बोलणं इतक्या साध्या आवाजात मी जन्मात ऐकलं नव्हतं. शिट्टीवाला आवाज तिनं काढलाच नाही.

त्या वर गेल्यावर हे म्हणाले, "खोली खाली करायला सांग."

"तीन वर्षं तिच्या हातचं लोणचं खाल्लं, तेव्हा कडू लागलं नाही तुम्हाला," मी म्हणाले. "संक्रांत चार दिवसांवर आहे. काय सांगायचं ते मी संक्रांतीला सांगते."

संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन वर गेले. आमच्यात हळदीकुंकू लग्न झालेल्या बाईला. ताट बघूनच दोघींना काय ते कळलं. सिस्टर रडायला लागली. मी तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाची गाळणी दिली आणि निघाले.

"मावशी, मला नाय व्हय?" बाई मागून म्हणाली.

"अगं, तुमच्यात तू..." एवढं बोलून मी अडकले.

"म्हंजी मी नवरा? केस कापले म्हणून? अवो, पाल दिसली की मी खाटंवर चढते. हाकलती ही. तुमी बी सिनेमाच बघितला की."

आणि तिनं कपाळ पुढे केलं. मला इतकं सरळ कोणी पकडलं नव्हतं. तिला कुंकू लावून मी खाली आले, दुसरी गाळणी घेतली. परत कुठं, म्हणून ह्यांनी विचारलं. "एक वाण कमी पडलं," मी म्हणाले. खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दोन वर्षांनी सिस्टरची लातूरला बदली झाली. बाईनंही तिकडची शाळा बघितली. स्टँडवर आम्ही दोघं पोहोचवायला गेलो. खिडकीतून बाई म्हणाली, "सिनेमा असता तर मावशी, आता कुणीतरी पळत आलं असतं."

गाडी वेळेवर सुटली. कोणी पळालं नाही. फक्त आमचे हे गाडीमागे फाटकापर्यंत चालत गेले. गुडघे गेलेले, त्यामुळे लचकत.