दगडाचं तोंड

"तेव्हा हायड्रा होती का?"

कोणतीही तक्रार घेऊन त्यांच्यासमोर जा, उत्तर हेच. लिफ्ट बंद पडली, पंप जळला, गच्चीवर टाकी चढवायला कोणी मिळत नाही, काहीही सांगा, आमचे हे शेजारी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "अंबरनाथचं देऊळ बांधलं तेव्हा हायड्रा होती का?" हायड्रा म्हणजे कारखान्यात अवजड माल उचलणारी क्रेन. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सचे अधिकारी होते. आयुष्यभर ती क्रेन वापरली आणि निवृत्त होऊन बदलापुरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर तिच्यावरच उलटले. तुमच्याही सोसायटीत असा एकजण असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे माझी सुटका नव्हती.

पाहुणे आले की ते त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यायचे. नक्षी, मूर्ती यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मान वर करून एखाद्या शिळेकडे बोट दाखवायचे. "हा दगड एवढा वर कसा नेला असेल, सांगा." पाहुणे बिचारे म्हणायचे, पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. झालं! "माणसांनी बांधलंय हो, माणसांनी! मातीचा उतार रचला, ओंडके टाकले, दोर बांधले आणि ओढलं. घाम गाळला त्यांनी आणि नाव पांडवांचं?" पहिल्या मजल्यावरच्या एकाने पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधल्याचा व्हिडिओ त्यांना पाठवला, तर त्याच्याशी त्यांनी बोलणंच टाकलं. त्यांची इच्छा एकच होती. मोठा दगड मशीनशिवाय हलताना एकदा डोळ्यांनी बघायचा.

आणि ती संधी आमच्या दारातच चालून आली.

आमच्या सोसायटीकडे येणारा रस्ता रुंद करायला घेतला होता. वळणावर गावदेवाचा दगड. ना नाक ना डोळे, नुसता शेंदूर फासलेला. जेसीबीवाला तिथवर आला, खाली उतरला, चपला काढून हात जोडले आणि म्हणाला, "इसको हम नहीं छुएगा, साब." गावातली माणसं म्हणाली, देव बाजूच्या चौथऱ्यावर न्यायला हरकत नाही, पण लोखंडी पंजा लागता कामा नये. हाताने न्या. ठेकेदार काम तिथेच टाकून पसार झाला. रस्ता अर्धवट खणलेला, आमचा पाण्याचा टँकर आत येईना. सोसायटीची मीटिंग बोलावली, तर निम्मे लोक माझ्यावर ओरडले आणि निम्मे आलेच नाहीत. तेवढ्यात आमचे हे शेजारी उठले. चेहऱ्यावर असा आनंद, की मला त्यांचा रागच आला.

दोर आणायला ते मला उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात घेऊन गेले. सिंधी दुकानदाराने नायलॉनचा दाखवला. "नको. काथ्याचा द्या. तेव्हा नायलॉन होतं का?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "साईं, इतना मोटा रस्सा? जहाज खींचना है क्या?"

"नाही," हे गंभीरपणे म्हणाले, "देव ओढायचाय."

परतीच्या शेअर रिक्षात ते वेटोळं माझ्या मांडीवर होतं आणि शेजारची बाई मला सारखी कोपर मारत होती.

रविवारी सकाळी गावातली माणसं आली, सोसायटीतलीही बऱ्यापैकी आली. दगड गुडघ्याएवढा दिसत होता. बाजूची माती काढायला लागलो तर तो खाली जातोय, जातोच आहे. कंबरभर खोल खड्डा झाला तेव्हा कुठे बूड लागलं. हे खड्ड्यात उतरून दगडाला थोपटत होते. "बघा! तेव्हाच्या लोकांनी हा इथवर आणलाय!" वर उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघत होती.

मग पहारी घातल्या. एकीकडून उचलायचं, खाली लाकडी पाचर सारायची, दुसरीकडून उचलायचं. मातीचा उतार केला, सेंट्रिंगवाल्याकडून आणलेल्या गोल लाकडी बल्ल्या आडव्या अंथरल्या. इथवर ठीक. मग त्यांना आठवलं की इजिप्तमधल्या एका जुन्या चित्रात घसरगाडीपुढे पाणी ओतणारा माणूस आहे. माझं लक्ष जाईपर्यंत त्यांनी सोसायटीची भरलेली पिंपं उतारावर रिकामी केली होती. तिकडे वाळू होती, इकडे आमची चिकणमाती! चार जण आडवे झाले. बायका पिंपांकडे बघून बोलायच्या त्या बोलल्या. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात वैताग दोराचा. गावातली माणसं "हैस्सा"वर ओढायची, आमची माणसं हैस्सा संपल्यावर. एकजण एका हाताने ओढत दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होता. हे घसा फोडून ओरडत होते, "एकदम! अहो एकदम! दगड जड नाहीये, तुम्ही जड आहात!" शेवटी दुपारच्या उन्हात सगळे इतके कावले, की बोलणंच थांबलं. आणि त्या चिडक्या गप्पपणात कधी तरी सगळ्यांचा हिसका एका वेळी बसला.

दगड हलला. बल्ल्या करकरल्या आणि तो पुढे सरकला, आणखी सरकला. हे चिखलात मटकन खाली बसले आणि नुसते बघत राहिले. मला त्या क्षणी ते फार आवडले, हे सांगून टाकतो.

संध्याकाळपर्यंत देव चौथऱ्यावर बसला. नारळ फुटला, फोटो निघाले. तेव्हा गावातली एक म्हातारी दिवा घेऊन आली. देवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराकडे. देवाला दोराने ओढताना बघवणार नाही म्हणून ती दिवसभर घरात बसून होती. तिने चौथऱ्याभोवती एक फेरी मारली आणि दिवा खालीच ठेवला.

"सायब, देवाचा तोंड उगवतीला पायजे. तुमी मावलतीला बसवलाव."

सगळे दगडाकडे बघायला लागले. चारी बाजूंनी शेंदूर, चारी बाजू सारख्या. हे म्हणजे वजन, उतार, ओंडके, सगळ्याचा हिशेब केलेला माणूस. दगडाला तोंड असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गावातल्या पोरांना ठाऊक नव्हतं, आणि जाणत्यांना वाटलं साहेबांनी विचारलं असेल.

"फिरवून देतो, मावशी," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी कोण येणार? रस्ता झाला, टँकर आत आला, विषय संपला. मी ग्रुपवर मेसेज टाकला. अंगठे भरभरून आले, माणूस एकही आला नाही. गावातल्यांना विचारलं तर म्हणाले, चूक तुमच्या साहेबांची. ज्याच्या त्याच्या कामाची कारणं होती, लग्नं होती, मॅचेस होत्या. हे दारोदार फिरले. ज्या माणसाशी बोलणं टाकलं होतं, त्या पहिल्या मजल्यावाल्याचीही बेल वाजवली. त्याने आतूनच सांगितलं, झोपलोय.

मग ते एकटेच जायला लागले. रोज सकाळी खांद्यावर पहार. एका कोपऱ्याखाली टोक घालायचं, अंगाचा भार टाकायचा, तसूभर सरकला की पाचर मारायची. कधी मीही जायचो, पण माझी कंबर किती टिकणार! डॉक्टरांनी त्यांना बजावलं, वहिनींनी पहार लपवली, त्यांनी नवी आणली. वहिनी माझ्यापुढे रडल्या. मी रागावून म्हटलं, "अहो, सोडा आता. कोणाला पडलीय?"

"मला पडलीय," ते म्हणाले. "आपण चुकीचा बसवलाय."

दिवाळीच्या आधी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते दवाखान्यातच गेले. शोकसभेत झाडून सगळी सोसायटी हजर होती. "मशीनशिवाय देव हलवणारा माणूस" असं प्रत्येकजण म्हणाला, पहिल्या मजल्यावालाही. मी उठून म्हटलं, दगड फिरवायचा राहिलाय तेवढा आपण फिरवू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर हा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्या असंही सुचवलं. ती मीटिंग झाली. पार्किंगवरून भांडण होऊन मोडली.

दगड अजून तिरकाच आहे. ना उगवतीला, ना मावळतीला. परवा सकाळी मी तिथून जात होतो. म्हातारी दिवा ओवाळत होती, पण चौथऱ्यासमोर सरळ उभी नव्हती. दगडाचं तोंड फिरून जिथे अडकलं होतं त्या कोपऱ्याला, रस्त्यावर अर्धी आलेली, गाड्यांकडे पाठ करून. रिक्षावाले हॉर्न मारत तिला वळसा घालत होते. मी धावत गेलो. म्हटलं, मावशी, अशा कुठे उभ्या राहता, गाडी लागेल.

तिने आधी ओवाळणं पुरं केलं.

"एवढा त्यांनी फिरवला," ती म्हणाली. "ऱ्हायलेला मी फिरतंय."