तनीच्या वेळची कॉफी

आमच्या यांनी तीस वर्षं तिरुप्पनंदाळच्या पोस्टात नोकरी केली, रोज कुंभकोणमहून बसनं जाऊन-येऊन. पण गावात पोस्टातले राजगोपालराव कोण म्हणून विचाराल तर कुणी सांगणार नाही. कच्चेरीवाले राजगोपालराव म्हणा, भाजीवालीसुद्धा हात धरून आमच्या दारात आणून सोडेल. गाण्याच्या बैठकीला इकडे कच्चेरी म्हणतात. पुण्याच्या एका पाहुण्यांनी, हे कोर्टात होते का, असं विचारलं होतं. त्यानंतर दोन दिवस हे त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

गाण्याचं वेड काय असतं ते मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. महिन्याचा पहिला रविवार पेरिय तेरूतल्या, म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या, चंद्रमौलीच्या दुकानाचा. दुकान एवढंसं, आत रेकॉर्डींची चळत आणि बाहेर एक बाकडं. चंद्रमौली नवी रेकॉर्ड लावायचा आणि हे बाकड्यावर मान खाली घालून ऐकायचे. पसंत पडली की ती उजेडात तिरकी धरून चरे शोधायचे. मुलगी बघायला आले होते तेव्हा मला एवढं बघितलं नव्हतं. एकदा पावसात रेकॉर्ड भिजू नये म्हणून अंगातला सदरा काढून तिला गुंडाळला आणि स्वतः बनियनवर भर बाजारातून चालत घरी आले. मी दारातच कपाळावर हात मारला. यांना त्याचं काही नाही. आधी रेकॉर्ड पुसली, मग डोकं.

पुढे माझ्या भावानं सिंगापूरहून टेपरेकॉर्डर आणला आणि मग तर यांना आकाश ठेंगणं झालं. रामनवमीचा मांडव असो, साक्कोट्टैच्या देवळातला उत्सव असो, नाहीतर सुंदरपेरुमाळ कोयिल गावातलं कुणाचं लग्न असो, हे पहिल्या रांगेत, मांडीवर यंत्र, माइक स्टेजच्या कडेला. घरी आल्यावर कॅसेटवर गायक, व्हायोलिन, मृदंग, गाव, तारीख, सगळं बारीक अक्षरात लिहायचं. माझं नाव शिधापत्रिकेत चुकलं ते बारा वर्षं तसंच होतं, पण कॅसेटवर कधी एक अक्षर चुकलं नाही.

आता सुंदरेशविषयी सांगते. सुंदरेश म्हणजे यांचा धाकटा भाऊ, यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, यांना अण्णा म्हणायचा. सहकारी बँकेत कारकून आणि संध्याकाळी मृदंग. त्याला गुरूंकडे नेऊन बसवलं ते यांनीच. त्याचा पहिला मृदंग सायकलच्या कॅरियरला बांधून, स्वतः सायकल हातात धरून, यांनीच घरी आणला होता. सुंदरेश काही मोठा विद्वान झाला नाही. मद्रासच्या संगीतसभांनी त्याला कधी बोलावलं नाही. पण आमच्या टापूत गायक यायचा आणि साथीला मृदंगावर कोण म्हटलं की सुंदरेश, असं वीस-पंचवीस वर्षं चाललं. भाऊ स्टेजवर बसला की हे शेजारच्याला कोपरानं ढोसायचे, "आमचा सुंदरेश." प्रेमात काही कमी नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

पण कच्चेरीत एक तनी असते. मुख्य गाणं संपत आलं की गायक थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो, दहा मिनिटं, कधी पंधरा. सगळ्या संध्याकाळात त्याचा म्हणून तेवढाच वेळ. आणि आमच्या गावचा रिवाज असा की तनीची वेळ झाली की पुरुषमंडळी उठणार आणि कॅन्टीनला कॉफी प्यायला जाणार. कुणी वाईट मनानं जात नाही. तनी म्हणजे कॉफी, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की कॅन्टीनवाला स्टेजवरचा आवाज ऐकूनच दूध वर चढवतो. मागे उरतो आम्ही बायका, आणि हातावर ताल मोजणारे चार म्हातारे.

हेही उठायचे. दुसऱ्या कुणाच्या तनीला उठायचे तसेच भावाच्या तनीलाही. मी एकदा म्हटलं, निदान सुंदरेशच्या वेळी तरी बसा. तर म्हणाले, "तो घरचाच कीं. त्याचें केव्हांही ऐकूं." आणि घरी कधी त्याला वाजवायला बसवलं? छे! तो आला की यांच्या रेकॉर्डी ऐकत बसायचा बिचारा.

गेल्या वर्षी आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, सुंदरेश गेला. सकाळी आंघोळ करून आला, छातीत दुखतं म्हणाला आणि दुपारपर्यंत संपलं. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी त्याची मुलगी लावण्या चेन्नईहून आली, सोबत कॅसेटमधला आवाज संगणकात उतरवायचं यंत्र घेऊन. श्राद्धानंतर संध्याकाळी सगळ्यांना बसवून वडिलांची एक तनी ऐकवायची, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या घरी वडिलांचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं.

"अप्पांनीं कधीं ठेवलेंच नाहीं," ती म्हणाली. "म्हणत होते, अण्णाकडे सर्व आहे. अण्णा कॉफीला गेला तरी त्याचें यंत्र बसलेलें असतें, तें ऐकतें."

यांनी मान खाली घातली. मला वाटलं, भावाच्या आठवणीनं. मग उठून कपाट उघडलं आणि सुंदरेशचं नाव लिहिलेल्या कॅसेटी काढून दिल्या, एकेचाळीस निघाल्या. लावण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिनं पहिली लावली. गाणं छान चाललं होतं, सुंदरेशचा हात मागून ऐकू येत होता. गायक शेवटच्या ओळीवर आला, थांबला, आणि टक्. लगेच टाळ्या, आणि पुढचं गाणं.

"टेप अडकली असेल," लावण्या म्हणाली आणि दुसरी लावली. टक्. तिसरी, टक्. त्या दिवशी सात झाल्या, दुसऱ्या दिवशी सोळा. हे बाजूला खुर्चीवर बसून होते आणि दर टक्ला डोळे मिटत होते. मला तोवर काही ठाऊक नव्हतं, देवाशपथ. हे कॉफीला जातात एवढंच मला माहीत होतं. जाताना यंत्र बंद करून जातात, हे बायकांच्या बाजूनं कधी दिसलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लावण्यानं पुढची कॅसेट हातात घेतली तेव्हा यांनी तिचा हात धरला. "पुरे कर गे. कशांतही मिळणार नाहीं. मींच बंद करीत होतों. कॅसेट नव्वद मिनिटांची. तनींत फीत गेली तर शेवटलें गाणें बसेना." आणि मग अगदी लहान आवाजात, "तो मजला काय म्हणेल, हें सुचलेंच नाहीं."

मला त्यांचा राग आला, खरंच सांगते. शेवटची ती छोटी छोटी गाणी! कपाटात त्यांच्या शंभर प्रती आहेत, एकाच गाण्याच्या. त्यासाठी स्वतःच्या भावाचा हात कापून टाकला या माणसानं, एकेचाळीस वेळा. पण चेहरा बघून मी तोंड उघडलं नाही.

लावण्या रडली नाही, चिडलीही नाही. ती पोर बापासारखीच आहे. तिनं फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि यांच्यासमोर ठेवला. "तर मग तुम्हीच सांगा, काका. अप्पा कसे वाजवीत होते? तुम्हांस गाण्यांतलें सर्व कळतें. तुम्ही सांगाल तेंच मी सर्वांस ऐकवीन."

एकेका गायकाच्या एकेका रागावर तास तास बोलणारा हा माणूस. चंद्रमौलीचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलवाला बसला तरी तिथल्या बाकड्यावर कुठली रेकॉर्ड कधी ऐकली ते आजही सांगतात. ते फोनकडे बघत म्हणाले, "चांगलें वाजवीत होता." लावण्या पुढचं ऐकायला थांबली. फोनवरचे आकडे पुढे सरकत होते.

मग माझ्याकडे वळले. "तूं बसत होतीस ना. तूं सांग."

मला ताल मोजता येत नाही. जे दिसलं ते सांगितलं. म्हटलं, तो आधी डाव्या हातानं अगदी हळू सुरुवात करायचा, कुणी झोपलं आहे आणि उठवायचं नाही अशा बेतानं. मग व्हायोलिनवाल्याकडे बघून हसायचा. वेग वाढला की खालचा ओठ दातात धरायचा, आणि शेवटाला आला की ताल मोजणारे ते चार म्हातारे जागेवर ताठ व्हायचे. एवढंच मला येत होतं, तेवढंच फोनमध्ये गेलं. लावण्यानं मला नमस्कार केला आणि तोंड धुवायला मागे विहिरीकडे गेली.

ती गेल्यावर यांनी विचारलं, "मी उठत असतां तो माझ्याकडे पाहत होता कां?"

याचं उत्तर माझ्याकडे वीस वर्षं होतं. एका रामनवमीनंतर मी सुंदरेशला छेडलं होतं, की तनीच्या आधी एवढा वेळ दगडानं काय ठोकत बसतोस, मृदंग तर सुरात लागलेला असतो. तो हसला होता, खरं कारण सांगितलं होतं आणि म्हणाला होता, "वैनी, हें अण्णास सांगूं नका." मी नाही सांगितलं. शब्द पाळला म्हणून मनातून शेखी मिरवत राहिले. तो शब्द तेव्हाच मोडला असता तर बरं झालं असतं. हे एकदा तरी बसले असते.

"पाहत होता," मी म्हणाले. "तुम्ही दाराबाहेर जाईपर्यंत तो आरंभ करीत नव्हता. दगड घेऊन लागलेला मृदंग पुन्हां लावीत बसत होता. आपण वाजवीत असतां अण्णा उठून गेला, असें चार लोकांस दिसूं नये म्हणून."

त्यांनी समोरची एक कॅसेट हातात घेतली.

"प्रत्येक वेळीं?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक वेळीं," मी म्हणाले.